एक गोष्ट, तीन वाचने



काही गोष्टी आपल्याला इतक्या पाठ झालेल्या असतात की त्या आपण ऐकतच नाही. दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट (लूक १०:२५-३७) ही त्यांपैकी एक. उपासनेच्या ‘क’ वर्षात सामान्य काळाच्या पंधराव्या रविवारी हे शुभवर्तमान वाचले जाते. धर्मगुरूंनी पहिले वाक्य उच्चारले की पुढचे सगळे आपल्याला आधीच ठाऊक असते. लुटारू, याजक, लेवी, शोमरोनी, खाणावळ. मग आपले लक्ष पंख्याकडे किंवा मागच्या बाकावरच्या लहान मुलाकडे जाते.

आमच्या शुभवर्तमान अभ्यासाच्या बैठकीत हीच गोष्ट चालू होती. दहावीत शिकणारी एक मुलगी आपल्या आजीबरोबर येऊन बसली होती. ती मध्येच म्हणाली, “काका, आमच्या मराठीच्या पेपरात स्वमताचा प्रश्न असतो. धड्यात काय आहे तेवढेच लिहिले तर पूर्ण गुण मिळत नाहीत. तो विचार आपल्या अनुभवात आणि समाजात कुठे दिसतो, तेही लिहावे लागते. तुम्ही सगळे ही गोष्ट इतकी वर्षे वाचता, तर तिचे स्वमत कधी लिहिले का?”

बैठकीत कोणी काही बोलले नाही. आम्ही वर्षानुवर्षे धड्याचा सारांशच सांगत आलो होतो. त्या दिवसापासून आम्ही ठरवले की ही गोष्ट तीन वेळा वाचायची. पहिल्यांदा पुस्तकात, दुसऱ्यांदा आपल्या आयुष्यात आणि तिसऱ्यांदा जगात. त्या अभ्यासातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिले वाचन: गोष्टीत काय आहे?

एक शास्त्री येशूला विचारतो की माझा शेजारी कोण? हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक मोजपट्टी लपलेली आहे. शेजाऱ्यावर प्रीती करावी हे त्याला मान्य आहे. त्याला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच की हे कर्तव्य कुठे संपते. कोणापर्यंत केले म्हणजे पुरे?

येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता सुमारे २७ किलोमीटरचा आहे. यरुशलेम डोंगरावर आहे, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. एवढ्या अंतरात रस्ता जवळजवळ एक हजार मीटर उतरतो. आजूबाजूला उघडे डोंगर, दऱ्या आणि कपाऱ्या. लुटारूंना दबा धरायला अशीच जागा लागते. त्यामुळे रस्त्यात पडलेल्या माणसाजवळ थांबणे हे त्या काळी खरोखरच धोक्याचे होते. याजक आणि लेवी हे दुष्ट लोक नव्हते. प्रेताला स्पर्श झाला तर याजक अशुद्ध होतो असा नियम होता (लेवीय २१). पडलेला माणूस जिवंत आहे की मेलेला, हे लांबून कळत नव्हते. त्यांच्याकडे कारणे होती आणि ती पटण्यासारखी होती.

मग येतो शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. उपासनेचे स्थान कोणते, खरे वंशज कोण, यावरून त्यांच्यात बोलणेचालणेही उरले नव्हते. लूककृत शुभवर्तमानाचे एक पान मागे उलटून पाहा. एका शोमरोनी गावाने येशूला उतरू दिले नाही, तेव्हा याकोब आणि योहान चिडून त्या गावावर आकाशातून अग्नी पाडायची भाषा करतात (लूक ९:५१-५६). येशू त्यांना दटावतो. आणि पुढच्याच अध्यायात तो गोष्टीचा नायक म्हणून निवडतो तो नेमका एक शोमरोनी.

येथे आपण एक गोष्ट नीट पाहू या. येशूला केवळ परक्याला मदत करा असे सांगायचे असते, तर त्याने रस्त्यात पडलेला माणूस शोमरोनी दाखवला असता आणि मदत करणारा यहुदी. मग ऐकणाऱ्यांना आपला मोठेपणा वाटला असता. येशूने ते उलटे केले. पडलेला माणूस ऐकणाऱ्यांपैकी आहे, आणि त्याच्या जखमेवर तेल घालणारा हात ज्याचा स्पर्श नको त्याचा आहे.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. मंगळवेढ्याच्या चोखोबांना पंढरीच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही देवळाच्या पायरीशी, बाहेरच आहे. ज्याला उंबरठ्याबाहेर ठेवले त्याच्याच हातचे पाणी पिऊन जीव वाचवायची वेळ आली तर? गोष्टीतल्या जखमी माणसापुढे हाच प्रश्न होता. गोष्ट ऐकताना आपण सहसा स्वतःला खोगिरावर बसवतो. येशू आपल्याला आधी रस्त्याच्या कडेला, धुळीत झोपवतो.

शेवटी येशू शास्त्र्याचा प्रश्नच बदलतो. माझा शेजारी कोण, हे त्याने विचारले होते. येशू विचारतो की त्या माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याला ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारणेही जड जाते. ज्याने दया केली तो, असे मोघम उत्तर तो देतो. तसेच वागायला सांगून येशू त्याला निरोप देतो. म्हणजे शेजारी हा कोणी शोधून काढायचा माणूस नाही. शेजारी आपण स्वतः व्हायचे असते. हा या गोष्टीचा गाभा आहे. तो हाताशी धरून पुढचे वाचन करू.

दुसरे वाचन: आपल्या आयुष्यात ही गोष्ट कुठे आहे?

हे वाचन सर्वांत अवघड. दुसऱ्याविषयी लिहिणे सोपे असते, म्हणून आम्ही आमच्यापासूनच सुरुवात करतो.

गेल्या पावसाळ्यातला एक बुधवार. नोव्हेना संपवून आम्ही पाच जण तीन दुचाक्यांवरून घरी निघालो होतो. चर्चपासून फार लांब नसलेल्या एका रस्त्यावर, गटाराच्या कडेला एक माणूस आडवा पडलेला दिसला. सायकल बाजूला पडलेली. आम्ही गाड्यांचा वेग कमी केला. थांबलो मात्र नाही. एक जण म्हणाला, “प्यायलेला दिसतोय.” दुसरा म्हणाला, “कोणीतरी फोन केलाच असेल.” तिसरा म्हणाला, “उगाच पोलिसांचे झंझट मागे लागेल.” चौथा आणि पाचवा काही बोलले नाहीत, पण गाडी त्यांनीही थांबवली नाही.

पुढच्या वळणावर एकाचे मन खाऊ लागले म्हणून आम्ही परत फिरलो. तोवर एक बाई तेथे बसली होती. विड्या जमा करून, पान-तंबाखूची पिशवी घेऊन घरी निघालेली. तिने त्या माणसाचे डोके मांडीवर घेतले होते आणि पदराने त्याच्या कपाळावरचे रक्त दाबून धरले होते. एका रिक्षावाल्याला ती तेलुगूमिश्रित मराठीत ओरडून थांबवत होती. रिक्षा थांबली. आम्ही फक्त त्या माणसाला उचलून आत ठेवायला हात लावला. बाई स्वतः रिक्षात बसून दवाखान्यात गेली. तिची पिशवी चिखलात भिजली होती. म्हणजे तिची एका दिवसाची मजुरी गेली असणार.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात कळले की तो माणूस प्यायलेला नव्हता. त्याला मधुमेह होता, रक्तातली साखर एकदम उतरली होती. थोडा आणखी उशीर झाला असता तर कठीण होते.

त्या बाईचे नाव आम्ही विचारले नाही. ती कोणत्या धर्माची, कोणत्या वस्तीतली, हे आम्हाला ठाऊक नाही. एवढेच ठाऊक आहे की आम्ही नुकतीच प्रार्थना करून निघालो होतो, आणि गोष्टीतल्या याजक व लेवी यांच्या जागा आम्ही पाच जणांनी भरून काढल्या. शोमरोनी माणसाची जागा तिने घेतली.

बंधुभगिनींनो, हा प्रसंग सांगताना आम्हाला संकोच वाटतो. पण तो न सांगता ही गोष्ट शिकवणे खोटेपणाचे झाले असते. दुसरे वाचन म्हणजे गोष्टीतली कोणती जागा आपली आहे हे प्रामाणिकपणे शोधणे. पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० रोजी सही केलेल्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या विश्वपत्राचा दुसरा अध्याय याच गोष्टीवर आहे. प्रत्येकात थोडा जखमी माणूस असतो, थोडा लुटारू, थोडा बाजूने निघून जाणारा आणि थोडा शोमरोनी, असा विचार ते तेथे मांडतात. आपण रोज यांतला कोण होणार, हे आपल्याला रोजच ठरवावे लागते.

ही गोष्ट फक्त रस्त्यावरच घडते असेही नाही. एकाच चाळीत राहून वर्षभर न बोलणारे दोन भाऊ असतात. मुले पुण्याला किंवा आखातात नोकरीला गेल्यामुळे एकटे राहणारे आजी-आजोबा असतात. आपल्याच बाकावर बसणारे, पण बोलीवरून, गावावरून किंवा जातीवरून आपण ‘ते लोक’ म्हणून बाजूला ठेवलेले कुटुंब असते. यांच्या बाजूने आपण रोज जातो. वेगही कमी करत नाही.

तिसरे वाचन: जगात ही गोष्ट कुठे आहे?

आता नजर थोडी लांब टाकू. त्यासाठी सोलापूर सोडून जायची गरज नाही. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. आपल्यापैकी कित्येक जण तेथून रोज जातात. ‘आमच्या सोलापूरचे डॉक्टर’ असे आपण अभिमानाने म्हणतो. आज त्यांच्या आयुष्याकडे या गोष्टीच्या उजेडात पाहू.

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. जखमी सैनिक आणि गावकरी यांच्यावर उपचार करायला पुरेसे डॉक्टर नव्हते. चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. डॉ. अटल हे त्याचे प्रमुख. त्यांच्याबरोबर डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि आपले डॉ. कोटणीस. तेव्हा कोटणीसांचे वय अठ्ठावीसच्या आत होते आणि पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. भारत स्वतः पारतंत्र्यात होता. आपलेच घर जळत असताना दुसऱ्याच्या घराकडे कशाला धावायचे, असे कोणी म्हणाले असते तर ते चुकीचे वाटले नसते.

सप्टेंबर १९३८ मध्ये हे पाच जण बोटीने निघाले. पुढच्या वर्षाच्या आरंभी ते येनानला पोहोचले. पुढे कोटणीस युद्धाच्या अगदी तोंडाशी असलेल्या उत्तर चीनच्या डोंगराळ भागात गेले. तेथे इस्पितळ म्हणजे कधी झोपडी, कधी देऊळ, कधी चालत्या पथकाबरोबरचा तंबू. औषधे अपुरी, थंडी कडाक्याची. १९४० च्या लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. ते चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले. जानेवारी १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. हे नॉर्मन बेथून कॅनडाचे शल्यविशारद, एका प्रॉटेस्टंट पाळकाचे चिरंजीव. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून ते नोव्हेंबर १९३९ मध्ये तेथेच वारले. एका परक्याची जागा दुसऱ्या परक्याने घेतली.

पथकातले चार डॉक्टर पुढे मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस.

ही कथा लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तकात लिहिली. पुस्तकाच्या इंग्रजी नावाचा अर्थ असा की एक जण मात्र परत आला नाही. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि स्वतः कोटणीसांची भूमिका केली. आपल्यातल्या ज्येष्ठांनी तो पाहिला असेल.

आता या आयुष्याला आपल्या गोष्टीजवळ ठेवू. कोटणीस ख्रिस्ती नव्हते. शेवटच्या वर्षी ते चीनच्या साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. त्या विचाराशी आपल्या श्रद्धेचा मेळ बसत नाही आणि त्या पक्षाच्या राजवटीत आपल्या चिनी ख्रिस्तबांधवांनी पुढे सोसलेले हालही आपण विसरू शकत नाही. मग शुभवर्तमानाच्या अभ्यासात त्यांचे नाव कशाला, असा प्रश्न आमच्या बैठकीतही एकाने विचारला. प्रश्न योग्य होता. पण तो विचारून होताच आम्हाला शास्त्र्याची आठवण झाली. त्यालाही ‘शोमरोनी’ म्हणवत नव्हते. येशूने शोमरोनी माणसाची उपासनापद्धती बरोबर ठरवली नाही. त्याने फक्त एवढे दाखवले की दया येथे घडली, आणि ती तुम्हाला अपेक्षित नसलेल्या हातांनी घडली. चांगले जेथे दिसेल तेथे ते चांगले म्हणणे यात आपल्या श्रद्धेचे काही उणे होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक दुखरी आहे. कोटणीस चीनमध्ये असतानाच इकडे त्यांचे वडील वारले. बातमी कळूनही ते परतले नाहीत. घरच्यांना काय वाटले असेल? त्यांनी कर्तव्यात कसूर केली का? आमच्या बैठकीत यावर बराच वेळ बोलणे झाले आणि एकमत झाले नाही. ज्यांची मुले लांब आहेत त्या आईवडिलांचे डोळे पाणावले. येशूच्या मागे येऊ पाहणाऱ्या एकाने आधी बापाला मूठमाती देऊन येऊ द्या अशी विनंती केली होती. तिला मिळालेले उत्तरही असेच कठोर आहे (लूक ९:५९-६०). आम्ही यावर निर्णय देत नाही. एवढेच म्हणतो की शेजारी होण्याची किंमत नेहमी जाणारा एकटाच देत नाही. सोलापूरच्या घरात राहिलेल्यांनीही ती दिली.

खाणावळवाल्याची आठवण

येथे गोष्टीतल्या एका विसरलेल्या माणसाकडे वळू. शोमरोनी माणसाने जखमीला खाणावळीत नेले, रात्रभर सेवा केली आणि सकाळी दोन दिनार देऊन तो आपल्या कामाला गेला. एक दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे तो म्हणाला. त्यानंतरचे सगळे कोणी केले? पट्ट्या बदलणे, पेज भरवणे, रात्री उठून पाहणे? त्या खाणावळवाल्याने. त्याचे नाव नाही, त्याच्यावर कोणी प्रवचन देत नाही. पण तो नसता तर शोमरोनी माणसाची दया एका रात्रीपुरती उरली असती.

कोटणीसांच्या कथेतही असे एक माणूस आहे. त्यांच्या पत्नी गुओ छिंगलान त्याच रुग्णालयात परिचारिका होत्या. दोघांचे लग्न १९४१ साली झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना पती गेला. पुढे १९६७ साली हा मुलगाही ऐन चोविशीत वारला. या बाई २०१२ सालापर्यंत जगल्या आणि भारतातल्या सासरच्या माणसांशी त्यांनी नाते टिकवले. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले, नंतरही सीमेवर रक्त सांडले. तरी चीनचे नेते भारतात येत तेव्हा कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटत. २००६ साली अध्यक्ष हू जिंताओ आणि २०१३ साली पंतप्रधान ली कछ्यांग यांनी अशी भेट घेतली. राजकारण आपल्या ठिकाणी आहेच. पण दोन देशांमध्ये बोलायला दुसरे काही उरत नाही तेव्हाही एका डॉक्टरचे नाव उरते, हे लहान नाही.

आपल्यापैकी फार थोडे जण कोटणीस होतील. बहुतेक जण खाणावळवालेच होणार. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी सून, शासकीय रुग्णालयात रात्रपाळी करणारी आपल्याच धर्मग्रामातील परिचारिका, शेजारच्या आजोबांना महिन्यातून एकदा डोळ्यांच्या तपासणीला नेणारा तरुण, ही सगळी या गोष्टीतलीच माणसे आहेत. त्यांना कोणी स्मारक बांधणार नाही. पण परत येऊन हिशेब चुकता करीन हे वचन त्यांनाही दिलेले आहे, आणि ते देणारा वचनाला जागणारा आहे.

गोष्टीतून कायद्यापर्यंत

तिसऱ्या वाचनातला आणखी एक मुद्दा अगदी व्यवहाराचा आहे. आपल्या देशाच्या कायद्यात या गोष्टीचे नाव आलेले आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला इंग्रजीत ‘गुड समॅरिटन’, म्हणजे दयाळू शोमरोनी म्हणतात. पोलिसांच्या भीतीने लोक थांबत नाहीत हे लक्षात घेऊन केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंधनकारक केल्या. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४-अ हे कलम आले. त्याचा सारांश असा:

१. अपघातातील जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही कमीजास्त झाले म्हणून दिवाणी किंवा फौजदारी खटला होत नाही.

२. मदत करणाऱ्याला आपले नाव, पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

३. साक्षीदार व्हायचे की नाही, हे त्याच्या इच्छेवर आहे.

४. जखमीला दाखल केल्याबद्दल रुग्णालयाने त्याच्याकडे पैसे मागू नयेत आणि त्याला अडवून ठेवू नये.

सोलापूर हे पुणे-हैदराबाद महामार्गावरचे शहर. येथे अपघात नवे नाहीत. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, हे लहान मुलांनाही पाठ करून द्यावे. त्या बुधवारी पोलिसांचे झंझट म्हणून जी भीती आम्ही बोलून दाखवली, तिला आता कायद्याचाही आधार नाही. उरते ती फक्त आपली घाई.

तीनही वाचने का हवीत?

फक्त पहिले वाचन केले तर गोष्ट पुस्तकात राहते. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली तर आपण कोटणीसांच्या स्मारकापुढे फोटो काढतो आणि त्याच चौकात पडलेल्या माणसाच्या बाजूने निघून जातो. जगावर प्रेम करणे सोपे असते, कारण जग आपल्या दारात येऊन पाणी मागत नाही. आणि दुसऱ्या वाचनावरच थांबलो तर दया आपल्या गल्लीपुरती, आपल्या माणसांपुरती उरते. मग शास्त्र्याची मोजपट्टी पुन्हा आपल्या हातात येते. ‘आमच्या सोलापूरचे’ म्हणून आपण ज्यांचा अभिमान बाळगतो, ते ‘आमचे’ आणि ‘परके’ ही रेघ ओलांडूनच मोठे झाले, हे आपण विसरतो.

म्हणून तीनही वाचने हवीत, आणि याच क्रमाने. त्या दहावीच्या मुलीला आम्ही नंतर विचारले, “बेटा, आता आम्हाला किती गुण देशील?” ती हसून म्हणाली, “काका, तुम्ही पुढच्या वेळी गाडी थांबवलीत की मग सांगते.”

या आठवड्यात कुटुंबात चर्चेसाठी

१. रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेनंतर लूक १०:२५-३७ सावकाश वाचा. या आठवड्यात आपण गोष्टीतल्या कोणत्या माणसासारखे वागलो, ते प्रत्येकाने सांगावे. दुसऱ्याचे सांगू नये.

२. आपल्याला कधी अनपेक्षित माणसाकडून मदत मिळाली आहे का? त्यांचे आभार मानायचे राहिले असेल तर या आठवड्यात माना.

३. आपल्या गल्लीत किंवा आपल्या बाकावर आपण कधीच न बोललेले कुटुंब कोणते? रविवारी मिस्सानंतर त्यांचे नाव विचारा.

४. मुलांना घेऊन एकदा डॉ. कोटणीस स्मारक पाहून या आणि येताना ही गोष्ट त्यांना सांगा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, आम्ही तुझी गोष्ट पाठ केली, पण रस्त्यात ती ओळखली नाही. आम्ही धुळीत पडलो होतो तेव्हा तू आमच्या बाजूने निघून गेला नाहीस. आमची घाई कमी कर आणि आमची भीती काढून घे. ज्यांना आम्ही परके म्हणतो त्यांच्या हातूनही तुझी दया येते, हे पाहायला आम्हाला डोळे दे. लांब गेलेल्या मुलांचे आणि घरी वाट पाहणाऱ्या आईवडिलांचे रक्षण कर. त्या बुधवारी भिजलेली पिशवी घेऊन घरी गेलेल्या आमच्या बहिणीला आशीर्वाद दे. तिचे नाव आम्हाला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. आमेन.